शिखर : शून्य

नात आली कार्डिफहून, लेयकी, आणि चहा निवेपर्यंत
तिनं माझ्या फोनात डोंगर भरले.
अख्ख्या वेल्समधले. बोट ठेवाल तिथे एक करडा त्रिकोण.
‘ज्यावर तू जाऊन आलास, ताइद, तो होतो हिरवा.’

मी म्हटलं, आपला दाखव.
हा, भांडी विसळताना खिडकीत दिसतो, पण मावत नाही तो.
मोयल म्हणतात त्याला, म्हणजे टकला.
आठव्या वर्षापासून चढतोय मी त्याच्यावर,
आधी बापाच्या मागे, मग कुत्र्यांच्या,
एकामागून एक, हा सातवा, मॉट;
आणि गुडघे म्हणाल तर दोन्ही त्यानंच खाल्ले.

तिनं दाखवला. करडा.
शिखर : शून्य.

‘चुकतंय तुझं यंत्र.’
‘थांब,’ म्हणाली, आणि काचेवर दोन बोटं फाकवली.
तीन वर्षं फोन माझ्या खिशात होता,
आणि तो चहाडखोर लिहीत होता कुठेकुठे गेलो ते:
निळी रेघ, तिच्यावर रेघ, तिच्यावर रेघ,
मोज्याला टाचेपाशी रफू करावं तशी दाट,
आणि सगळीकडून वर येऊन, सगळीकडून
टोकाच्या दोनशे पावलं अलीकडे वळलेली.

वळणारच.
तिथे गवत संपतं.
कुंपण नाही, बांध नाही, तरी त्यापुढे आमची मेंढी जात नाही.
पहिल्या उन्हाळ्यात आई कोकराला फिरवून आणते:
इथवर आपलं. ह्याला आम्ही कनेविन म्हणतो.
ते कोकरू म्हातारं होतं, आपल्या कोकराला तेच सांगतं.
मला वाटत होतं, मी त्यांना राखतोय.

शनिवारी येतात ती माणसं, पोपटी जाकिटांची,
फाटक उघडं टाकून. वर पोचतात,
फोन आभाळाकडे धरतात, जणू थेंब झेलताहेत, उतरतात.
एकदा स्टोकचा एक जण अंगणात येऊन बसला, रडायचाच बाकी:
ऐन माथ्यावर बॅटरी गेली. ‘मी गेलो होतो हो,
पण गेलो नाही.’
त्याला मी चहा दिला. हसलोही, मनात.
आता ते हसू परत घ्यावं लागणार.

लेयकी गेली. ऑक्टोबरात मेंढ्या खाली आणल्या,
मोजल्या: ईन, दाय, त्री… दोनशे अकरा, एक कमी,
मग तीही आली.
आणि एका मंगळवारी, काही काम नसताना
(हे सांगतानाही चोरट्यासारखं वाटतं)
वर निघालो.

गवत संपलं तिथे मॉट बसला.
शीळ घातली, हाक मारली, शिवी दिली. बसला.
त्याचंही बरोबर आहे.

दोनशे पावलं. एक दगडांचा ढीग, संत्र्याची साल,
आणि पलीकडची दरी, जी मला माहीत होती
नकाशात असते तेवढीच.
तिच्यात एक माणूस मेंढ्या वळवत होता.
टोपी माझ्यासारखीच, चालही, डाव्या गुडघ्याला जपणारी.
त्यानं दोन बोटं तोंडात घातली
आणि जी शीळ आली
ती मी साठ वर्षं ऐकत आलोय, माझ्या शिळेमागून
(सुरुवातीला ह्याचा बाप असेल),
आणि माझ्या बापानं सांगितलं होतं,
डोंगर आपल्याला चिडवतो.

फोन काढला. हातमोजा दातांनी ओढला.
त्रिकोण हिरवा झाला, फार काही न होता.
खाली चौकट होती: इतरांसाठी दोन शब्द लिहा.
आधीच्यांनी लिहिलं होतं, ‘अप्रतिम’, ‘सत्तेचाळीस मिनिटं’, ‘वारा!!’

एकेक अक्षर शोधत मी लिहिलं:
गवत नाही.
मेंढ्या : शून्य.
पलीकडे माणूस आहे.